नव्या गाडीतलं बाहेरचं

गाडी गप्प झाली आणि सगळं पटांगण टाळ्यांनी दणाणलं.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मीही चाट पडले. गाडी कोरी करकरीत होती, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा मालकानं अजून काढलेलं नव्हतं. पटांगणाच्या मधोमध विटांचे तुकडे अंथरून मुद्दाम खडबडीत वाट केलेली होती. त्या वाटेवरून गाडी गेली की तिच्या पुढच्या दारात असा खडखडाट व्हायचा, जणू रिकाम्या डब्यात खडे घालून कुणी हलवतंय. मग गाड्यांचे आवाज बंद करून देणारा नादबुवा मालकाशेजारी बसला. पांढरा हातमोजा घातलेला हात त्यानं दारावर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "चालव." गाडी पुन्हा त्याच विटांवरून गेली. खुट्ट नाही की खट्ट नाही. मालकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बापाच्या आजारपणात हा माणूस एवढा रडला असेल का, अशी मला शंका आली.

"लोखंडाला मन असतं!" नादबुवा लाउडस्पीकरवरून सांगू लागला. "लोखंड जमिनीच्या पोटातून येतं, आणि पोटातून आलेलं सगळं रडतं. प्लास्टिक रडत नाही. का? कारण प्लास्टिकला आई नाही!"

"वा! काय बोलले!" माझ्या शेजारी एक वकील उभा होता, काळा कोट हातावर घेऊन आलेला. कोर्टात साक्षीदाराला प्रश्न विचारून विचारून रडवणारा माणूस. इथे त्याला एकही प्रश्न सुचला नाही.

तिथे अडाणी असं कुणी नव्हतंच. बँकेतला साहेब होता, दोन प्राध्यापक होते, औषधांच्या कंपनीतली एक बाई होती. सगळ्यांच्या गाड्या नव्या, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच दुःख. एकमेकांना आपापल्या गाडीचे आवाज तोंडानं करून दाखवत होते. "आमची टिक... टिक-टिक करते." "आमची खर्रर्र करते हो, फक्त वळणावर." नव्या गाडीतला आवाज हा मोठा चमत्कारिक आजार आहे. गुडघा कुरकुरला तर माणूस वर्षानुवर्षं अंगावर काढतो, पण नव्या गाडीत कुठे कुरकुर झाली की त्याची झोप उडते. आणि आपली भाषा तरी काय! नव्याला आपण करकरीत म्हणतो, मग ते करकरलं की छाती बडवून घेतो.

मी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडी धरून त्यांच्याशी बोलत असते, त्यामुळे उलट उत्तर ऐकायची मला सवय नाही. माझा धाकटा भाऊ मला "ताई, एकदा बघ तर खरं" म्हणून ओढून घेऊन आला होता. सोबत भावजय होती, आणि मागच्या सीटवर पाय हलवत बसलेली आमची मुंगी.

मुंगी म्हणजे भावाची मुलगी. तिसरीत आहे. पाळण्यात होती तेव्हा या दोघांनी तिला दत्तक घेतली. इतकी चिमुकली होती की भावानंच तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली. दत्तक म्हणजे काय हे तिला बोलता यायला लागल्यापासून माहीत होतं, घरात त्याची चोरी नव्हती. भाऊ तिचे लाड करायचा, भावजय तिला मांडीवर बसवून चित्रं काढायला शिकवायची. हे मी मुद्दाम सांगते, कारण ही दोघं दुष्ट नाहीत. दुष्ट असती तर काम सोपं होतं.

भावाच्या गाडीची कथा इतरांसारखीच. घेतली तेव्हा मागे कुठेतरी बारीकशी कुई व्हायची. शोरूमवाले म्हणाले, "नवीन आहे साहेब, बसेल हळूहळू." बसली नाही. मग भावानं ती हौसेनं एका धुलाई केंद्रात आतून-बाहेरून चकचकीत करून घेतली, आणि तिथून आणल्यापासून मागच्या डाव्या दारात टकटक सुरू झाली. साधीसुधी नाही, कवटीत कुणी बोट आपटावं तशी. पुन्हा धुलाई केंद्रात गेला तर तिथला माणूस मान हलवून म्हणाला, "हे शोरूमवाल्यांच्या हातचं नाही. नादबुवांकडे न्या." भाऊ लगेच नादबुवाच्या नादी लागला.

आमचा नंबर आला. बुवानं गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्ची ओढून भावजयीसमोर बसला, आवाज खाली आणला आणि विचारलं, "घरात बाहेरचं काही आहे का, ताई?"

आता 'बाहेरचं' म्हणजे काय हे तुम्हाला-मला कुणी सांगायला नको. भूतबाधा, करणी, कुणीतरी काहीतरी केलंय. बुवालोकांचा हा पेटंट प्रश्न. समोरचा घाबरून "असेल महाराज" म्हणतो आणि दुकान सुरू होतं. पण माझी भावजय एका शाळेत चित्रकला शिकवते, भुताखेतांच्या भाषेशी तिचा संबंध नाही. तिनं शब्दाचा साधा अर्थ घेतला. दचकली. तिनं मागे वळून मुंगीकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "बाहेरची म्हणजे... मुलगी आमची दत्तक आहे. पण आम्ही तिला कधी बाहेरची मानली नाही हो!"

मी रोज माणसांचे चेहरे वीतभर अंतरावरून बघते. कुठे हात लागला की कोण कसा कळवळतो, ते मला कळतं. बुवालाही कळलं. त्याला दुखरा दात सापडला होता.

"हां," तो म्हणाला. "मग आता गाडीच सांगेल."

परीक्षा अशी. भाऊ गाडी चालवणार. बुवा मागे, डाव्या दाराशी, हातमोज्याचा हात दारावर. त्याच्या शेजारी एकेकानं बसायचं आणि विटांवरून चक्कर मारायची. भावजय बसली, गाडी गप्प. मला बसवलं, गाडी गप्प. "डॉक्टरीणबाईंचं मन स्वच्छ आहे," असं प्रमाणपत्रही लबाडानं देऊन टाकलं. मग मुंगी बसली. काच खाली होती, आम्हाला सगळं दिसत होतं. गाडी विटांवर चढली, बुवानं "अरेरेरे!" म्हणून दारावरचा हात उचलून कपाळाला लावला, आणि दार टकटक टकटक वाजायला लागलं.

मुंगी आधी हसली. तिला वाटलं, गंमत आहे. "आई, माझ्यामुळे वाजली!" असं तिनं खिडकीतून ओरडून सांगितलंसुद्धा. मग तिला आईचा चेहरा दिसला आणि ती हसायची थांबली.

बुवानं इलाज सांगितला. एक चपटी काळी डबी दिली, बिस्किटाएवढी. दाराच्या आतल्या बाजूला त्यानं स्वतः ती चिकटपट्टीनं बसवली. "इथेच. बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. हे कवच आहे. आणि मुलीला गाडीत बसवायचीच वेळ आली, तर आधी कवच काढायचं. नाहीतर ते करपेल आणि दोष घरात शिरेल. मुलगी उतरली की पुन्हा लावायचं." मग उठता उठता, सहज म्हणावं तसं म्हणाला, "खरं म्हणजे वर्षभर तिला लांबच ठेवा. तिच्याच भल्यासाठी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अरे, आठ वर्षांच्या पोरीचं भलं हा ठरवणार? शरम नाही वाटत?"

भाऊ माझ्यावरच उखडला. "ताई, तुझ्यासमोर झालं ना सगळं? तू बसलीस तेव्हा वाजली? ती बसली तेव्हा का वाजली? सांग ना कारण!"

कारण मला माहीत नव्हतं. समोरचा भामटा आहे हे दिसत होतं, पण तेवढ्यानं भागत नाही. "मला पटत नाही" हे काही उत्तर नव्हे. मी गप्प बसले, आणि माझं गप्प बसणं त्यांनी पुरावा म्हणून घरी नेलं.

पुढचे आठवडे मी जन्मात विसरणार नाही. डबी लावली की गाडी शांत. मुंगीला न्यायचं म्हणून डबी काढली की टकटक. डबी लावली की पुन्हा शांत. दर वेळी! यापेक्षा पक्का पुरावा कुठला असतो? भावानं किती वेळा बघितलं असेल, आणि दर वेळी त्याचा विश्वास आणखी घट्ट झाला. मुंगीला गाडीतून नेणं बंद झालं. ती शाळेच्या बसनं जायला लागली. हे दोघं फिरायला निघाले की तिला शेजारणीकडे ठेवायचे. कुणी तिला रागावलं नाही, कुणी हात उगारला नाही. फक्त ती खोलीत आली की भावजय कान टवकारायची. आधी गाडीत, मग घरात. दार करकरलं, कपाट वाजलं, नळ ठिबकला, की नजर मुंगीकडे.

एके दिवशी भावानं मला फोन करून सांगितलं, मुंगीला निवासी शाळेत घालायचं ठरलंय, नवीन वर्ष सुरू झालं की. "शाळा चांगली आहे गं. घोडेस्वारी शिकवतात."

"घोडा कुरकुरला तर काय करशील?" मी विचारलं. त्यानं फोन ठेवला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मुंगी शाळा सुटल्यावर माझ्या दवाखान्यात आली. तिची बस तिथूनच जाते, ती आधीच उतरली होती. शेवटचा पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिली, मग न सांगता दातांच्या खुर्चीवर चढली, मान मागे टेकवली आणि आ वासला.

"काय गं, दात दुखतोय?"

तिनं मानेनंच नाही म्हटलं. मग तोंड मिटून म्हणाली, "आत्या, तू लोकांच्या आतलं किडकं काढतेस ना? मग माझ्यातलं बाहेरचं काढ ना. मी रडणार नाही."

मी इतकी वर्षं ही खुर्ची चालवते. माणसं या खुर्चीत ओरडली आहेत, त्यांनी देवाचा धावा केला आहे, एकानं तर माझा अंगठा चावला. पण त्या दिवशी मला स्टूल ओढून खाली बसावं लागलं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला, आणि दोन्ही पोरीसमोर दाखवायची सोय नव्हती.

"तुझ्यात बाहेरचं काहीही नाही," मी म्हटलं.

"आहे," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "त्या डबीला कळतं. मी काल खाली जाऊन गाडीला सॉरी म्हणत होते. बाबा दार उघडं ठेवून पुसत होते ना, ते वर फडकं आणायला गेले तेव्हा. मी डबीवर डोकं ठेवून सॉरी म्हटलं, तर तिनं माझी पिन ओढून घेतली. केसातून. टक्क करून. तिला मी इतकी नको आहे, आत्या."

"काय म्हणालीस? पिन ओढून घेतली?"

"हो. काढली तर परत चिकटली."

मी पोरीला उचलून तिचा असा मुका घेतला की ती घाबरलीच. मग पिशवीत तोंड तपासायचा छोटा आरसा टाकला, कपाळावर बांधायचा दिवा घेतला आणि मुंगीला घेऊन थेट भावाच्या घरी गेले.

"खाली चला," मी दोघांना म्हटलं. "दोघंही. चर्चा नको. महाराजांचा नियम एकदा उलटा करून बघायचा."

"म्हणजे?"

"म्हणजे डबी लावलेलीच राहू दे आणि मुंगीला आत बसव. मग डबी काढ, मुंगीला खाली उतरव आणि गाडी चालव. इतके दिवस डबी आणि पोरगी, दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलत होतास ना? मग वाजणं कुणामुळे थांबतं, हे तुला कळणार कसं? एका वेळी एकच गोष्ट बदल."

भावजय घाबरली. "ताई, कवच करपेल म्हणाले होते ते. दोष घरात शिरेल."

"शिरला तर माझ्या घरी पाठव. माझी जागा मोठी आहे."

मुंगी मागे बसली, सीटच्या अगदी कडेला. डबी जागच्या जागी. पार्किंगच्या फाटकाशी लोखंडी जाळीचा आडवा नाला आहे, त्यावरून नवी गाडी नेताना भाऊ नेहमी दात ओठ खायचा. त्यानं गाडी त्या जाळीवरून नेली, परत आणली, पुन्हा नेली. दार गप्प. भावानं मागे वळून बघितलं. मुंगीनंही दाराकडे बघितलं.

"आता उतर गं सोन्या," मी म्हटलं आणि डबी ओढून काढली. गाडीत आता भाऊ एकटा. गाडी जाळीवर गेली आणि टकटक टकटक टकटक, सगळं पार्किंग ऐकत होतं. फाटकाशी आमच्याजवळ उभी असलेली मुंगी दोन्ही हात वर करून म्हणाली, "मी इकडे आहे! मी आत नाहीये!"

भावानं गाडी थांबवली, पण तो उतरला नाही. स्टिअरिंग धरून बसून राहिला.

पुढचं काम माझ्या हातचं होतं. त्या दारावर काच वर-खाली करायच्या बटणांची एक पट्टी असते. ती नखानंसुद्धा उचकटते. धुलाई केंद्रात ती कुणी उचकटली तर मालकाला पत्ता लागत नाही. मी ती उचलली, कपाळावरचा दिवा लावला, आरसा आत घातला. दाढेच्या मागे बघतात तसं बघितलं. खाली, प्लास्टिकच्या खाचेत, नेमकं डबीच्या जागेच्या मागे, एक नट पडलेला होता. डबी बाहेरून जवळ नेली तर नट टुणकन उडी मारून प्लास्टिकला चिकटला. बाजूला घेतली तर खाली पडला. टक्क.

डबीत दुसरं काहीही नव्हतं, फक्त एक दांडगा लोहचुंबक. तो बाहेरून नटाला धरून ठेवायचा आणि आवाज थांबायचा. बुवाच्या हातमोज्यातही तेच असणार. हात दारावर असेपर्यंत गाडी गप्प, हात कपाळाला गेला की गाडी बोलायला लागते. मग समोर बसलेल्यातला गुन्हेगार कोण, ते बुवाच्या मर्जीवर. बाकी सगळं काम त्याचा नियम करत होता. पोरगी बसणार म्हणून डबी काढा, म्हणजे पोरगी बसली की वाजणारच. तुम्ही नियम पाळता, म्हणून नियम खरा ठरतो. बुवाकडे जाण्याआधी भाऊ एकटा असतानाही ती वाजायची, पण ते कुणी आठवलंच नाही. नियम मोडून बघायची हिंमत होऊ नये म्हणून करपण्याची भीती.

मी नट डबीला चिकटवून बाहेर काढला आणि भावाच्या तळहातावर ठेवला. जुना, गंजलेला. नव्या गाडीत असा नट कुठून येणार?

"हे घे," मी म्हटलं. "बुवा बरोबर बोलला होता. होतं गाडीत बाहेरचं."

भावजय तिथेच फाटकाच्या कठड्यावर बसली आणि तोंडावर पदर दाबून हुंदके द्यायला लागली. मुंगी तिच्याजवळ गेली नाही. माझ्या बोटाला धरून उभी राहिली.

मला तेवढ्यावर थांबता आलं नाही, माझा स्वभाव तसा नाही. पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघं नादबुवाच्या पटांगणात हजर. तीच गर्दी, तोच लाउडस्पीकर, तीच आईविना पोरकी प्लास्टिकं. मी रांगेत शिरले आणि मोठ्यांदा म्हटलं, "महाराज, आमची गाडी बघा. फक्त हातमोजा काढून बघा."

"स्पर्श दूषित होतो, ताई," बुवा हसून म्हणाला. "तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हीही घालता."

"घालते. पण माझ्या हातमोज्यात फक्त हात असतो."

काही लोक हसले. बुवानं मला आशीर्वाद देऊन गप्प करायला हात पुढे केला, आणि माझी मूठ तयारच होती. मुंगीच्या सगळ्या पिना मी आणल्या होत्या. मी त्या त्याच्या तळहाताखाली धरल्या. सगळ्या पिना झपकन उडून त्याच्या पवित्र हातमोज्याला चिकटल्या. तो हात झटकायला लागला, पिना काही सुटेनात. एखाद्याच्या हाताला काटे फुटावेत तसा दिसत होता. मग मी नट दाखवला, डबी दाखवली, कुणाच्याही दाराची पट्टी उचकटून बघा म्हटलं. बँकेतल्या साहेबांनी उचकटली. निघाला नट. औषधांच्या कंपनीतल्या बाईंच्या गाडीत निघाला. सगळ्यांच्या गाड्या त्याच धुलाई केंद्रातून आलेल्या.

आता तुम्हाला वाटेल, लोकांनी बुवाला धरला. छे! सगळ्यात आधी माझ्यावर कोण धावून आलं असेल तर तो वकील.

"तुम्हाला काय अधिकार आहे हो? लोकांच्या श्रद्धेशी खेळता?" त्याच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता.

"तुमच्याही गाडीची पट्टी उचलू का?" मी विचारलं.

"हात लावायचा नाही माझ्या गाडीला!" तो किंचाळला, आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

मला त्याचा राग आला, पण नंतर कळलं. त्यालाही बुवानं 'बाहेरचं' विचारलं होतं. त्याच्या घरी नवरा गेल्यानंतर माहेरी आलेली बहीण राहत होती. डबी घरी नेली त्याच आठवड्यात त्यानं तिला दुसरीकडे खोली बघून दिली होती. आता दारातून नट निघाला असता तर तो बहिणीला काय सांगणार होता? त्यापेक्षा बुवा खरा असणं सोयीचं होतं. मला तेव्हा समजलं, अशा माणसाला लबाडी दाखवून देऊन भागत नाही. तिच्या नादात त्यानं कुणाचा तरी बळी दिलेला असतो, आणि ते कबूल करायला तो कधीच तयार होत नाही.

त्या गोंधळात नादबुवा आपल्या गाडीत बसून निघून गेला. गर्दीनं त्याला वाट करून दिली. मी "अडवा त्याला!" म्हणून ओरडले तेव्हा एक प्राध्यापक मला म्हणाले, "जाऊ द्या हो बाई, गाडी तर शांत झाली ना." पोलिसांत तक्रार मी दिली, सही करायला दुसरं कुणी पुढे आलं नाही. पटांगण आता रिकामं आहे, धुलाई केंद्रावर नव्या नावाची पाटी आली आहे. बुवा म्हणे दुसऱ्या गावात फ्रिजचे आवाज बंद करून देतो. फ्रिजमधून आता कोण रडतंय कुणास ठाऊक.

त्या दिवशी पटांगणातून परत येताना भाऊ गाडी चालवत होता, भावजय त्याच्या शेजारी, मागे मी आणि मुंगी. निवासी शाळेचं रद्द केलंय, असं भावानं दोनदा सांगितलं. भावजय म्हणाली, "मुंगी, उद्यापासून शाळेत बाबा सोडतील हं, गाडीनं." ती मनापासून बोलत होती, यात शंका नाही. मुंगी "हो" म्हणाली.

आणि एका वळणावर मागून बारीकसा आवाज आला. कुई.

तीच ती पहिली, धुलाई केंद्राच्या आधीची कुई. डिकीवरचं प्लास्टिकचं झाकण बाजूला घासत होतं, बाकी काही नाही. चालत्या गाडीत मी नुसता तळवा दाबून धरला तर ती थांबली. त्याला फेल्टची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, एक पट्टी चिकटवली की संपलं, दुसऱ्या दिवशी मी चिकटवलीसुद्धा. पण ती कुई झाली त्या क्षणी भावानं वरच्या आरशात बघितलं आणि भावजयीनं मान वळवली. दोघांनीही मुंगीकडे बघितलं. लगेच दोघांनी नजर फिरवली, भावजय लाजेनं लालबुंद झाली. पण बघितलं ते बघितलंच.

नट मी एका मिनिटात काढला होता. ही नजर कुठल्या आरशानं शोधायची आणि कुठल्या चिमट्यानं काढायची, मला ठाऊक नाही. म्हणून हात जोडून सांगते. तुमची गाडी वाजली तर आधी कप्प्यातली नाणी काढा, सीटबेल्टची बकलं बघा, सीटच्या उशा घट्ट करा. कुणालातरी चालवायला सांगा, स्वतः मागे बसा आणि एकेक प्लास्टिक दाबून बघा. आवाज जिथे वाटतो तिथेच असतो असं नाही, दातासारखंच आहे ते. आणि कुणी चमत्काराचा नियम सांगितला, तर पाळायच्या आधी एकदा उलटा करून बघा. पण काहीही झालं तरी घरातल्या माणसाकडे बोट दाखवू देऊ नका. यंत्राच्या आवाजाला कारण यंत्रातच असतं. ते सापडेपर्यंत वाजू द्या ना गाडी! गाडीच आहे ती, वाजली तर काय होतं?

त्या कुईनंतर मी मुंगीकडे बघितलं. ती सीटच्या कडेला, दोन्ही तळवे टेकवून, अंग उचलून धरल्यासारखी बसली होती. गाडीवर आपलं वजन पडू नये म्हणून. तिचे गाल फुगलेले होते.

"मुंगे," मी म्हटलं, "श्वास सोड. नीट टेकून बस."

"वाजेल," ती म्हणाली.

"वाजू दे."

तिनं आधी पुढे आईबाबांकडे बघितलं. मग अगदी हळूहळू श्वास सोडला. पण टेकून बसली नाही.